मॉड-डॅव्हचं प्रॉपपॅच: बोलणं चोख, साठवण नाजूक

वेबडॅव्ह ही वेबवरून दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली हाताळण्याची पद्धत. तिचा सर्व्हर पारखताना बहुतेक जण एखादी फाइल चढवून बघतात, उतरवून बघतात आणि 'चालतंय' म्हणून मोकळे होतात. पण फाइल चढवणं हे सोपं काम आहे. सर्व्हरचा कस लागतो तो फाइलचे गुणधर्म, म्हणजे फाइलसोबत ठेवलेली लेखक, विषय अशी माहिती, बदलताना. त्यासाठी प्रॉपपॅच ही विनंती आहे. तिच्या पोटात एक्सएमएल, म्हणजे टॅगांत बांधलेला मजकूर, असतं. ते सर्व्हरनं नीट वाचायचं, सांगितलेले सगळे बदल करायचे किंवा एकही नाही, आणि कुठल्या गुणधर्माचं काय झालं हे पुन्हा एक्सएमएलमध्येच कळवायचं. अपाचे या वेब सर्व्हरच्या मॉड-डॅव्ह (विनंत्या हाताळणारं) आणि त्याच्या जोडीच्या मॉड-डॅव्ह-एफएस (डिस्कवर साठवणारं) या मॉड्यूलांचं एवढंच अंग इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. विनंती वाचणं, चुका पकडणं, अर्धवट काम मागे घेणं यात मॉड-डॅव्ह आजही भरवशाचं आहे. मात्र गुणधर्म डिस्कवर ठेवण्याची त्याची पद्धत जुनी आणि नाजूक आहे. ती समजून न घेता वापरलं तर माहिती गमावण्याची वेळ येते, आणि तीही कुठलाही एरर न दिसता.

मॉड-डॅव्ह मूळचं ग्रेग स्टाइन यांचं, आणि अपाचे २.० पासून ते सर्व्हरसोबतच येतं. वेबडॅव्हचं पहिलं मानक, आरएफसी (इंटरनेट मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) २५१८, फेब्रुवारी १९९९ चं. त्याची जागा जून २००७ मध्ये आरएफसी ४९१८ नं घेतली. या दोन तारखा लक्षात ठेवाव्या लागतात, कारण मॉड-डॅव्हच्या काही सवयी पहिल्या मानकाच्या काळातल्या आहेत. त्याबद्दल पुढे.

मांडणी थोडक्यात. दोन्ही मॉड्यूलं लोड करायची, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये हव्या त्या लोकेशनखाली 'डॅव्ह ऑन' लिहायचं आणि 'डॅव्हलॉकडीबी'ला (लॉकच्या नोंदींसाठी) एक फाइलमार्ग द्यायचा. तो मार्ग ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याला लिहिता आलं पाहिजे. फाइल आधी तयार करून ठेवायची गरज नसते, लिहिण्याची परवानगी लागते ती फोल्डरवर. एक्सएमएल विनंतीच्या आकाराला मुळातच १०,००,००० बाइटांची मर्यादा आहे. ती 'लिमिटएक्सएमएलरिक्वेस्टबॉडी'नं बदलता येते. मर्यादा ओलांडली की ४१३ (विनंती फार मोठी) येतो. गुणधर्मांसाठी ही मर्यादा भरपूर आहे, वाढवायच्या फंदात पडू नये.

आता विनंतीकडे वळू. बाहेरचा एलिमेंट, म्हणजे टॅगांमधला घटक, प्रॉपर्टीअपडेट. त्यात सेट किंवा रिमूव्ह, कितीही वेळा, कुठल्याही क्रमानं. प्रत्येकाच्या आत प्रॉप, आणि प्रॉपच्या आत प्रत्यक्ष गुणधर्म. हे चारही एलिमेंट वेबडॅव्हच्या नेमस्पेसमध्ये (नावांची टक्कर टाळणाऱ्या गटात) असावे लागतात, आणि त्या नेमस्पेसचं नाव आहे डी, ए, व्ही आणि शेवटी कोलन. तो कोलन नावाचाच भाग आहे. प्रिफिक्सचा (नेमस्पेस दाखवायला नावाआधी लावलेल्या छोट्या खुणेचा) कोलन समजून तो गाळला की बाहेरचा एलिमेंट ओळखलाच जात नाही आणि ४०० (विनंती चुकीची) परत येतो. हाताने विनंती लिहिणाऱ्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. आतला प्रॉप विसरला तरी ४००, न सांगितलेलं प्रिफिक्स वापरलं तरी ४००. प्रिफिक्सला रिकामी नेमस्पेस जोडणं एक्सएमएलच्या नियमांतच बसत नाही, तेही इथे पकडलं जातं. उलट प्रॉपर्टीअपडेटच्या आत अनोळखी एलिमेंट आला तर तो शांतपणे बाजूला टाकला जातो. मानक नेमकं हेच सांगतं.

स्वतःच्या गुणधर्मांना स्वतःची नेमस्पेस द्या. वेबडॅव्हच्या नेमस्पेसमध्ये आपली नावं घुसवली तर आज चालेल, पण उद्या ते नाव एखाद्या मानकानं घेतलं की पंचाईत.

क्रमाचं महत्त्व इथे वेगळं आहे. वेबडॅव्हच्या एक्सएमएलमध्ये एरवी एलिमेंटांच्या क्रमाला अर्थ नसतो, पण प्रॉपपॅच त्याला अपवाद आहे. सूचना लिहिल्या त्याच क्रमानं पाळायच्या. एकच गुणधर्म आधी काढून मग लिहिला तर शेवटी तो असायला हवा, आणि आधी लिहून मग काढला तर नसायला हवा. मॉड-डॅव्ह हे बरोबर करतं. नसलेला गुणधर्म काढायला सांगितला तर ती चूक धरत नाहीत, उत्तर २०० (यशस्वी) असंच येतं.

सगळं किंवा काहीच नाही हा नियम जवळून बघण्यासारखा आहे. समजा एकाच विनंतीत दोन गोष्टी मागितल्या: आपल्या नेमस्पेसमधला 'लेखक' बदला, आणि सर्व्हरनं स्वतः सांभाळलेली शेवटच्या बदलाची वेळ, म्हणजे गेटलास्टमॉडिफाइड, बदला. उत्तराचा वरचा कोड येतो २०७. आत त्या फाइलच्या एकाच रिस्पॉन्समध्ये दोन प्रॉपस्टॅट (गुणधर्मांचा निकाल सांगणारे एलिमेंट) असतात: गेटलास्टमॉडिफाइडसमोर ४०९, म्हणजे नकार, 'लेखक'समोर ४२४. ४२४ चा अर्थ 'तुझ्यात दोष नाही, पण शेजाऱ्यामुळे तुझंही थांबलं'. म्हणजे 'लेखक' बदललेला नाही. मॉड-डॅव्ह आधी सगळ्या सूचना तपासून घेतं, मग अमलात आणतं, आणि मध्येच काही बिघडलं तर केलेलं मागे फिरवतं. या बाबतीत त्याला पूर्ण गुण.

क्लायंट लिहिणाऱ्यांनी इथूनच एक धडा घ्यायचा: २०७ म्हणजे यश नव्हे. २०७ म्हणजे 'आत वाचा'. वरचा कोड दोनशेच्या घरात दिसला म्हणून 'सेव्ह झालं' असा संदेश दाखवणारे क्लायंट पुष्कळ आहेत, आणि गुणधर्म हरवल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं. प्रत्येक प्रॉपस्टॅट उघडा, त्यातली स्टेटस ओळ घ्या, तिचे रिकाम्या जागांवर तीन तुकडे करा आणि मधला आकडा वाचा. पुढचे शब्द सर्व्हरागणिक बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका.

वरच्या उदाहरणातला ४०९ हीच ती जुनी सवय. केवळ वाचण्यासाठी असलेला गुणधर्म बदलायला गेलं तर १९९९ चं मानक ४०९ द्यायला सांगत होतं, २००७ चं ४०३ द्यायला सांगतं. मॉड-डॅव्ह पहिल्याला धरून आहे. क्लायंटनं दोन्हींचा अर्थ एकच घ्यावा.

उत्तर वाचताना प्रिफिक्सवर मुळीच भिस्त ठेवू नका. मॉड-डॅव्ह स्वतःच्या एलिमेंटांना कॅपिटल डी हे प्रिफिक्स लावतं, शिवाय विनंतीतल्या नेमस्पेसांना एनएस-शून्य, एनएस-एक अशी आपली नावं देतं. त्यामुळे एकाच उत्तरात वेबडॅव्हची नेमस्पेस दोन वेगळ्या प्रिफिक्सांनी आलेली दिसते. एक्सएमएलच्या दृष्टीनं यात काहीही गैर नाही. पण स्ट्रिंग शोधून किंवा रेगेक्स (मजकुराचे नमुने) लावून उत्तर फोडणारा कोड इथे हमखास आपटतो. नेमस्पेस समजणारा पार्सर (एक्सएमएल वाचणारा कोड) वापरा आणि नेमस्पेस अधिक स्थानिक नाव या जोडीनंच गुणधर्म ओळखा.

यातून एक खरी उणीवही निघते. गुणधर्माच्या व्हॅल्यूमधली मूळ प्रिफिक्सं जपावीत अशी नव्या मानकाची शिफारस आहे, सक्ती नाही. मॉड-डॅव्ह ती जपत नाही. साध्या मजकुराला फरक पडत नाही. पण व्हॅल्यूमध्ये एक्सपाथसारखं (एक्सएमएलमधला भाग दाखवणारी भाषा) काही ठेवलं, जिथे प्रिफिक्स मजकुरातच लिहिलेलं असतं, तर परत आलेल्या एक्सएमएलमध्ये त्या प्रिफिक्सचा पत्ता लागत नाही. अशी व्हॅल्यू साध्या मजकुरात बदलून ठेवलेली बरी.

आता मराठी नावं आणि मजकूर. व्हॅल्यू देवनागरीत असेल तर काहीच अडचण नाही, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये पाठवा, जशीच्या तशी परत येते. गुणधर्माचं नावच देवनागरीत ठेवलं तर मात्र एक बारीक काटा आहे. मॉड-डॅव्हच्या पोटातला पार्सर एक्सपॅट आहे आणि तो एक्सएमएल १.० ची चौथी आवृत्ती पाळतो. त्या आवृत्तीत एलिमेंटच्या नावात चालणाऱ्या अक्षरांची यादी ठरावीक आहे. 'लेखक', 'विषय', 'ऑडिट' ही नावं चालतात. 'ॲ' चालत नाही, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं आणि ती यादी त्याआधीची आहे. मजा अशी की दिसायला जवळचं 'ऍ' यादीत आहे, ते चालतं. र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, अशा जुन्या पद्धतीनं टाइप केलेला अर्धा र नावात आला तरी विनंती ४०० घेऊन परत येते. स्वतंत्र 'ऱ' वापरला तर तेच नाव चालतं. एक्सएमएलच्या पाचव्या आवृत्तीनं हे नियम सैल केले आणि लिबएक्सएमएल-२ हा दुसरा पार्सर तेच नवे नियम पाळतो. त्यामुळे तो वापरणाऱ्या पीएचपीवरच्या सर्व्हरवर चाललेली विनंती अपाचेवर नाकारली जाते आणि डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात. नावं रोमनमध्ये, मजकूर देवनागरीत, असं केलं की ही कटकट उरत नाही.

व्हॅल्यू तयार करताना अँपरसँड (&) आणि 'पेक्षा लहान' चिन्ह (<) एस्केप करा, म्हणजे त्यांच्या जागी ठरलेले कोड लिहा. स्ट्रिंगा जोडून एक्सएमएल बनवण्यापेक्षा लायब्ररीकडून बनवून घ्या. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी व्हर्टिकल टॅबसारखं कंट्रोल कॅरॅक्टर असतं. ते एक्सएमएल १.० मध्ये एस्केप करूनही चालत नाही, आधीच गाळावं लागतं. व्हॅल्यूतली रिकामी जागा आणि नव्या ओळी अर्थपूर्ण मानल्या जातात. म्हणून कर्ल या कमांड-लाइन साधनानं चाचणी करताना फाइलमधला मजकूर 'डेटा-बायनरी' पर्यायानं पाठवा. नुसता 'डी' पर्याय फाइल वाचताना नव्या ओळी गिळून टाकतो, आणि मग दोष सर्व्हरवर ढकलला जातो. कंटेंट-टाइपही स्वतः ॲप्लिकेशन/एक्सएमएल असा द्या, नाहीतर कर्ल तिथे फॉर्मचा टाइप टाकतं.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट समाधानाची. एकात एक गुंफलेल्या एंटिटींनी (एक्सएमएलमधल्या संक्षेपांनी) मेमरी खाऊन टाकण्याचा हल्ला २००९ मध्ये मॉड-डॅव्हलाही लागू पडला होता. सीव्हीई-२००९-१९५५ या क्रमांकानं नोंदलेला हा दोष, आणि एपीआर-युटिल या अपाचेच्या सहायक लायब्ररीच्या १.३.७ आवृत्तीत तो बुजवला गेला. स्वतःचा प्रॉपपॅच सर्व्हर लिहिणाऱ्यांनी डॉकटाइप आणि एंटिटी सरळ नाकाराव्यात, या कामात त्यांची कधीच गरज पडत नाही.

आता दुखऱ्या जागेकडे. मॉड-डॅव्ह-एफएस आपले गुणधर्म ठेवतं कुठे? प्रत्येक फोल्डरमध्ये ते 'डॉट-डॅव्ह' नावाचं लपलेलं उपफोल्डर करतं आणि त्यात प्रत्येक फाइलच्या नावानं एक छोटा डीबीएम (किल्ली आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा) डेटाबेस बनवतं. एसडीबीएम प्रकार असेल, आणि बहुतेकदा तोच असतो, तर एका फाइलमागे दोन जादा फाइली: एकीचा शेवट 'डॉट-पॅग', दुसरीचा 'डॉट-डिर'. हजार फाइलींच्या फोल्डरमध्ये गुणधर्म लागले की डिस्कवर तीन हजार फाइली. सर्व्हरच्या युजरला फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल तर हे उपफोल्डर बनत नाही आणि प्रॉपपॅचला ५०० (सर्व्हरमधला बिघाड) मिळतो. फाइल वाचणं मात्र सुरळीत चालू राहतं, त्यामुळे परवानगीचा संशय उशिरा येतो.

खरा धोका वेगळाच आहे. गुणधर्म जोडलेले आहेत ते फाइलच्या नावाला. वेबडॅव्हमधून मूव्ह, कॉपी, डिलीट केलं तर मॉड-डॅव्ह डेटाबेसही सोबत हलवतं किंवा पुसतं. पण कुणी सर्व्हरवर शिरून साध्या कमांडनं फाइल दुसरीकडे नेली तर गुणधर्म जुन्या जागीच राहतात. पुढे त्याच नावाची नवी फाइल आली की आधीच्या फाइलचे गुणधर्म तिला चिकटतात. कुठलाही एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त चुकीची माहिती. त्यामुळे वेबडॅव्हच्या फोल्डरांत दुसऱ्या वाटेनं फाइली हलवायच्या नाहीत, हा नियमच करावा. बॅकअपमधून डॉटनं सुरू होणारी नावं वगळण्याची सवय असेल तर ती या फोल्डरांपुरती मोडावी.

दुसरी मर्यादा आकाराची. अपाचेच्या एपीआर लायब्ररीतल्या एसडीबीएममध्ये एका नोंदीची किल्ली आणि व्हॅल्यू मिळून ८,००८ बाइट एवढीच जागा आहे. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून साधारण अडीच हजार चिन्हं. त्यापेक्षा मोठी व्हॅल्यू साठवण नाकारते, ५०० येतो आणि सोबतचे बदलही मागे जातात. एपीआर-युटिल बिल्ड करताना दुसरा डीबीएम प्रकार निवडता येतो, पण आधीचे डेटाबेस त्याला वाचता येत नाहीत. मोठा मजकूर गुणधर्मात कोंबण्यापेक्षा वेगळ्या फाइलीत ठेवावा हे उत्तम.

तिसरी गोष्ट मॉड-डॅव्हचा दोष नाही, मानकातलीच फट आहे. गुणधर्म बदलल्यानं फाइलचा ईटॅग (आवृत्ती ओळखण्याची खूण) बदलू नये असं मानक सांगतं, कारण ईटॅग हा मजकुराचा. मग दोन क्लायंटांनी एकाच वेळी एकच गुणधर्म बदलला तर दुसरा पहिल्याचं काम पुसतो आणि कुणालाच कळत नाही. उपाय एकच: आधी लॉक घ्या (फाइल आपल्यापुरती राखा), प्रॉपफाइंड या गुणधर्म वाचण्याच्या विनंतीनं ताजी व्हॅल्यू वाचा, इफ हेडरमध्ये लॉकसोबत मिळालेलं टोकन देऊन प्रॉपपॅच करा, मग अनलॉक. टोकन विसरलं तर ४२३ (लॉक आहे) येतो. हेडरमध्ये टोकन कोनी कंसात आणि ते सगळं गोल कंसात लिहावं लागतं, यातला एकही कंस गाळून चालत नाही.

एका वैशिष्ट्याचं कौतुक करायलाच हवं. युनिक्सवर मॉड-डॅव्ह-एफएस 'एक्झिक्युटेबल' नावाचा एक लाइव्ह, म्हणजे सर्व्हर स्वतः सांभाळतो असा, गुणधर्म देतं, अपाचेच्या स्वतःच्या नेमस्पेसमध्ये. त्याची व्हॅल्यू 'टी' किंवा 'एफ', आणि ती बदलली की फाइलचा एक्झिक्युट बिट (ती प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी) खरोखर बदलतो. तिसरं काही लिहिलं किंवा हा गुणधर्म काढायला सांगितला तर ४०९. कॅडॅव्हर या कमांड-लाइन क्लायंटमध्ये 'सीएचएक्सेक' ही आज्ञा हेच करते. कॅडॅव्हरचं 'प्रॉपसेट' वापरताना मात्र सांभाळा, ते गुणधर्म आपल्या ठरलेल्या नेमस्पेसमध्ये टाकतं. तुमची नेमस्पेस हवी असेल तर आधी ती 'सेट'नं द्या, नाहीतर लिहिलेला गुणधर्म शोधूनही सापडणार नाही.

विंडोजमधून नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलं तर तिथला क्लायंट फाइल चढवताना आपणहून प्रॉपपॅच पाठवतो. त्यात चार गुणधर्म असतात: बनवल्याची, शेवटच्या वापराची आणि शेवटच्या बदलाची वेळ, आणि फाइलची ॲट्रिब्यूट्स. मॉड-डॅव्ह ते निमूट साठवतं, त्यांचा अर्थ लावत नाही. त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कवरची तारीख चढवल्याचीच राहते. मूळ तारीख जपायची असेल तर त्या साठवलेल्या गुणधर्मातून वाचून फाइलवर लावणारी स्क्रिप्ट लागते.

पर्यायांत एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं मूळ डॅव्ह मॉड्यूल प्रॉपपॅच जाणतच नाही. बाहेरून जोडायचं डॅव्ह-एक्स्ट मॉड्यूल प्रॉपफाइंड आणि लॉक आणतं, प्रॉपपॅच नाही. लायटीपीडी हे सर्व्हर सॉफ्टवेअर गुणधर्म एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलीत ठेवतं. बॅकअपला ते सोपं, फक्त बिल्डमध्ये लिबएक्सएमएल-२ आणि एसक्यूलाइट हवं. पीएचपीतली सेबर-डॅव्ह लायब्ररी सर्वांत लवचीक: गुणधर्म डेटाबेसच्या टेबलात जातात, कुठला गुणधर्म कसा हाताळायचा ते तुम्ही ठरवता, आणि प्रेफर हेडरमध्ये मोजकं उत्तर मागितलं तर सगळं यशस्वी झाल्यावर नुसता २०४ (यश, मजकुराविना) देते. तिथे मायएसक्यूएलच्या टेबलात नावाच्या रकान्याला १०० बाइट आहेत आणि त्यात नेमस्पेसही मोजली जाते, म्हणून नेमस्पेस आखूड ठेवा.

कुठलाही सर्व्हर निवडलात तरी लिटमस हा वेबडॅव्हचा चाचणीसंच चालवा. 'टेस्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'प्रॉप्स' दिलं की फक्त गुणधर्मांच्या चाचण्या होतात. त्यातली 'प्रॉपनलएनएस' नेमस्पेस नसलेला गुणधर्म तपासते, 'प्रॉपहायुनिकोड' १६ बिटांपलीकडचं अक्षर, आणि 'प्रॉपरिमूव्हसेट' व 'प्रॉपसेटरिमूव्ह' वर सांगितलेला क्रम. घरी लिहिलेले सर्व्हर बहुधा या चारांपैकी एकीत तरी अडकतात.

मॉड-डॅव्हवरून दुसरीकडे जायचं झालं तर डॉट-डॅव्ह फोल्डरं उचलून नेण्यात अर्थ नाही. प्रत्येक फोल्डरवर डेप्थ १ नं (ते फोल्डर आणि त्याच्या लगेच आतलं) ऑलप्रॉप (सगळे गुणधर्म मागणारं) प्रॉपफाइंड करा. डेप्थ इन्फिनिटी, म्हणजे तळापर्यंतचं सगळं एकदम मागणं, मॉड-डॅव्हमध्ये मुळातच बंद असते. आलेल्या उत्तरातून लाइव्ह गुणधर्म काढून टाका: ईटॅग, लांबी, तारखा, लॉकची माहिती, रिसोर्सटाइप. उरलेले नव्या सर्व्हरवर प्रॉपपॅचनं लिहा. गाळणी करताना एक जरी लाइव्ह गुणधर्म सुटला तर त्या फाइलचे बाकीचे सगळे ४२४ घेऊन परत येतील, म्हणून पहिल्या दहा-वीस फाइलींची उत्तरं आतपर्यंत वाचून मगच पूर्ण स्क्रिप्ट सोडा.